एक जूनला जन्मलेली मुलं

मार्च लागला की आमच्या वसाहतीतल्या शहाण्या माणसांना एकमेकांची गावं आठवायला लागतात. एरवी वर्षभर सगळे एकाच कारखान्याचे. कोण लेथवर, कोण ड्रॉइंग ऑफिसात, एवढाच काय तो फरक. पण मॅट्रिकची परीक्षा जवळ आली, की कोण पुण्याचा, कोण रत्नागिरीचा आणि कोण आमच्यासारखा निपाणीकडचा हे नव्यानं उगवून येतं. रस्त्याकडेची करंजाची झाडं याच दिवसांत फुलतात. सकाळी दार उघडलं की अंगणात कुरमुरे सांडल्यासारखा सडा. तो झाडता झाडता कानावर पडतं ते हेच.

काल शेजारच्या फाटकाशी दोघेजण बोलत उभे होते. एक म्हणाला, "बेळगाव-निपाणीकडची पोरं मॅट्रिकला नेहमी दोन-तीन वर्षं जास्त घेतात. हवाच तशी तिकडची, सुस्त."

"हवा नव्हे हो," दुसरा म्हणाला. "घरात वळण लागतं."

मी केरसुणी तशीच हातात धरून आत आले आणि आवाज न करता कडी लावली. मला कुणाला तोंडावर बोलता येत नाही, कधीच आलं नाही. लग्न होऊन बंगळुराला आले तेव्हा भाजीवाल्याला "हे नको" म्हणायचीही मला लाज वाटायची, आणि नको असलेली दोडकी घेऊन मी घरी यायची. पण मनात मी फार बोलते. मनात मी या दोघांना कित्येक वर्षं ओळखते आणि त्यांच्याविषयी माझं मत चांगलं नाही. ते या वहीत लिहायला हरकत नसावी. चौथीपर्यंत जेवढं लिहायला शिकवलं तेवढं याला पुरतं.

करंज फुलला की मला मालनचं ते वर्ष आठवतं. मालन माझी धाकटी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडील गेले, आई आमच्या चुलत्यांकडे, तात्यांकडे राहायला गेली, आणि मालनला मी इकडे घेऊन आले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. "येऊ दे, घरात जरा आवाज होईल," असं हे म्हणाले. तिचं तेरावं सरत आलं होतं. गावच्या शाळेतून सातवी पास होऊन आली होती, तीही वर्गात दुसरी. सोबत दाखला, एक पत्र्याची पेटी आणि कपड्यांना लागलेला तंबाखूच्या वखारींचा वास.

इथल्या शाळेत तिला सहावीत बसवलं.

कारण साधं होतं. आमच्याकडे त्या काळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं, इथं ते खूप आधी सुरू झालेलं असायचं. शिवाय कन्नड. ज्यांच्या घरी शिकवायला मास्तर येत, ते पुण्यामुंबईचे लोक मुलांना आधीच इंग्रजी शिकवून इकडे आणत. आमच्या गावात इंग्रजी येणारा एकच माणूस होता, पोस्टमास्तर, आणि तो कुणाशी बोलत नसे. तेव्हा पावकी-निमकी तोंडपाठ असलेली माझी बहीण एबीसीडी गिरवायला दोन वर्षं खाली बसली. लहान मुलींच्या त्या बाकात तिचे गुडघे मावत नसत, म्हणून ती टोकाला तिरकी बसायची. वर्गातल्या मुली तिला अक्का म्हणायच्या. तपासणीला कुणी साहेब आला की बाई तिला मागच्या भिंतीशी बसवायच्या, म्हणजे त्याला उंच मुलगी दिसू नये.

"अक्का, मला आज कॅट आलं, डॉग आलं," ती घरी येऊन मला सांगायची.

"आणि वर्गातल्या पोरींना?"

"त्यांना काय! त्यांचं एलिफंटपतुर गेलंय."

आणि आम्ही दोघी चुलीपाशी बसून हसायचो. त्या हसण्याची आठवण झाली की मला त्या शाळेचा राग येत नाही. शाळेनं काय करावं? मला तुच्छता वाटते ती नंतरच्यांविषयी, ज्यांना ही सगळी गोष्ट ठाऊक होती आणि तरीही ज्यांनी तिचा ठिपका केला.

ठिपका म्हणजे परचुरेसाहेबांचा. परचुरेसाहेब ड्रॉइंग ऑफिसात वरच्या जागेवर होते आणि वसाहतीतल्या मराठी माणसांच्या मंडळाचे चिटणीस. दरवर्षी निकालानंतर मंडळात मॅट्रिक झालेल्या मुलांचा सत्कार व्हायचा. एक नारळ, एक पेन, आणि वेळेत पास झाल्याची शाबासकी. मालनची नववी झाली त्या उन्हाळ्यात परचुरेसाहेबांनी त्या समारंभासाठी एक तक्ता तयार केला. अक्षर तर विचारू नका. यंत्राचं चित्र काढावं तसा, पट्टीनं आखलेला, तीन रंगांच्या शाईचा. वर प्रांतांची नावं: पुणे-मुंबई, कोकण, वऱ्हाड, सीमाभाग, आणि सगळ्यात शेवटी 'स्थानिक', म्हणजे इथंच पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं. सतराच्या आत मॅट्रिक झालेल्या मुलाचा हिरवा ठिपका, त्यानंतर झालेल्याचा तांबडा. आणि सतरा उलटायच्या बेतात असूनही जे अजून शाळेतच रखडणार, त्यांचा पेन्सिलीचा, अधांतरी.

पुणे-मुंबईचा रकाना पालेभाजीसारखा हिरवागार. सीमाभागात पेन्सिलीचा ठिपका एकच होता. तो कुणाचा हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"कुणी वाईट वाटून घेऊ नका हं," परचुरेसाहेब छडी तक्त्यावर ठेवून म्हणाले. "मी टीका करत नाही. हे फक्त मोजमाप आहे. त्या त्या मातीचा गुण असतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या ह्यांनीसुद्धा. मी मागे उपम्याच्या पातेल्यापाशी उभी होते. हे टाळ्या का वाजवताहेत ते मला पाठमोऱ्या माणसावरूनही कळलं: त्यांना त्या खोलीत बसायला मिळालं होतं, एवढ्यावर ते खूश होते. घरी आल्यावर मी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, "आकडे खोटे आहेत का?"

आकडे खोटेच होते. ते मला ठाऊक होतं आणि वसाहतीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

आमच्या वसाहतीत एक जूनला जन्मलेली इतकी मुलं होती, की त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रातल्या सुइणींना जेवायला फुरसत मिळाली नसेल. मुलाला शाळेत घालताना बाप मास्तरला तारीख सांगायचा: एक जून, आणि साल दोन वर्षं पुढचं. म्हणजे पुढे नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतात, आणि मुलगा एखाद्या वर्गात बसून राहिला तरी कागदावर वेळेतच असतो. यात कुणाला काही वाटत नसे. मुंज करतात तसं तेही करायचं. बाहेरच्या खोलीत मुलांची वयं कागदावरची असत. स्वयंपाकघरात मात्र ती खरी असत, कारण बाईला बाळंतपण विसरता येत नाही.

पापड लाटायला बायका जमल्या की ती खरी वयं बाहेर पडायची. मालन दहावीत असताना परचुरेवहिनीच एकदा लाटणं थांबवून म्हणाल्या, "आमचा शरद आणि माझ्या जावेची शैला एकाच महिन्यातले. शैलाचं आता लग्न ठरतंय, अठरा पूर्ण झाली की." आणि मग एकदम लाटण्याकडे बघत राहिल्या. शरद तेव्हा कागदावर सोळावं पूर्ण करत होता. मालनच्याच वर्गात. आठवीत तो एक वर्ष बसून राहिला होता, हेही त्याच स्वयंपाकघरात कळलेलं. शेजारच्या रुक्माक्का हसल्या. त्यांना हसू आवरत नसे.

रुक्माक्का शेवटच्या रकान्यातल्या. त्यांच्या नवऱ्याचं घराणं इथलंच, माहेर आनेकलकडचं. मराठी त्यांची आमच्यापेक्षा जुनी, पण परचुरेसाहेबांना ती मराठी वाटत नसे. त्यांचा मुलगा आठवीतून उठून कारखान्यात उमेदवारीला लागला होता, तेव्हा तो तक्त्यावर ठिपक्यालाही पात्र नव्हता.

"बरं झालं की," रुक्माक्का मला परत येताना म्हणाल्या. "आमचं पोरगं तक्त्यात नाही म्हणजे नजर पण लागायची नाही. तू स्वल्प हसत जा गं. एवढं आत ठेवून पोट दुखतं."

मी हसले नाही. मला माझी स्वतःचीच चूक आठवत होती.

मालनला गावच्या शाळेत मीच घातलं होतं. सोळा वर्षांची होते मी, लग्न ठरायच्या आधीचं ते वर्ष. वडील बाजाराला गेले होते, म्हणून तिचा हात धरून मी नेली. मास्तर चांगला माणूस होता. त्यानं दौत पुढे ओढली आणि विचारलं, "एक जून टाकू? दोन वर्षं कमी करू का? पुढं उपयोगी पडतंय पोरीला."

"न्हाई मास्तर," मी म्हणाले. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाली ती. मला ठाव हाय. मीच पाणी तापवलं होतं."

खरंच तापवलं होतं. दहा वर्षांची होते. चुलीत ओली लाकडं, डोळ्यांत धूर, आतून आईचा आवाज, मग तो थांबला आणि दुसराच एक आवाज सुरू झाला. ती तारीख माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती आणि ती सांगताना मला केवढी मोठी झाल्यासारखं वाटलं. मास्तरनं पंचांग काढलं, हिशेब केला आणि खरी तारीख लिहिली. सबंध तक्त्यावर खरं वय असलेला बहुधा तो एकच ठिपका. म्हणूनच तो अधांतरी होता. मला त्या सोळा वर्षांच्या मुलीचा पुढे फार राग आला. सगळं जग दोन वर्षं चोरत असताना ही बाई खरं सांगून आली!

खाली बसवलं नसतं तर मालन सोळाव्या वर्षीच मॅट्रिक झाली असती, अगदी परचुरेसाहेबांच्या हिरव्या शाईत. ते त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तर रंग बदलावे लागले असते.

अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षी, दिवाळीनंतर, तात्यांचं पत्र आलं. तात्यांची पत्रं ह्यांच्या नावे यायची, पण वाचायची मी, कारण ह्यांना मोडी वळणाचं अक्षर लागत नसे. लिहिलं होतं, की संकेश्वरचं एक स्थळ आहे. पिठाची गिरणी आहे, पहिली बायको गेलेली, दोन मुलं. माणूस थांबायला तयार आहे, पण उन्हाळ्यापर्यंतच. मालन या खेपेला पास झाली आणि तिची पुढची सोय लागली, तर आम्ही हट्ट धरणार नाही. नाहीतर ज्येष्ठात लग्न. तिच्या आईचंही हेच म्हणणं आहे.

माझ्या आईला कुणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. पण पत्रात आईचं नाव घातलं की पत्राला वजन येतं.

"बरोबरच आहे," हे म्हणाले. "एकोणीस लागेल तिला. किती दिवस शाळेत बसणार? एक संधी देतायत ना?"

मालन तिथंच भाजी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "दाजी, पुढची सोय म्हंजे काय?"

"नोकरी, नाहीतर ट्रेनिंग. काहीतरी हाती लागलं पाहिजे."

"मास्तरणीचं ट्रेनिंग?"

"चालेल की."

"मग पास व्हतो मी," ती म्हणाली आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिली. ती स्वतःला असं व्हतो, करतो म्हणायची, गावाकडच्या मुली म्हणतात तसं. इथल्या मुलींनी त्यावरूनही तिला चिडवून झालं होतं.

ते महिने मला सगळे पहाटेचे आठवतात. कोंबडं आरवायच्या आत ती उठायची. मारतहळ्ळीकडच्या शेतांवरून गार वारा यायचा, नांगरलेल्या ढेकळांचा आणि शेणाचा वास घेऊन. ती खिडकीत बसून कन्नड कविता म्हणायची, मग इंग्रजी निबंध, मग भूमिती. मी भाकरी थापत ऐकायची. मला कन्नड बाजारापुरतं येतं, इंग्रजी मुळीच नाही, पण ती कुठं अडते ते मला कळायचं. अडली की ती खिडकीची कांब नखानं खरवडायची. आजही त्या कांबेला तेवढ्या जागी रंग नाही. मी तिथं हात लावत नाही.

परीक्षेच्या सकाळी शरद परचुरे कुणाच्या तरी मोटारीतून गेला. फाटकाशी त्याच्या कपाळाला कुंकू, हातावर दही. परचुरेसाहेब बाहेर उभे राहून जाणाऱ्या येणाऱ्याला "आज आमच्या शरदची परीक्षा" असं सांगत होते, जणू इतरांच्या घरी त्या दिवशी श्राद्ध होतं. मालन चपात्यांचा डबा घेऊन बसथांब्यावर गेली. मी तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेले. डोक्यावर करंजाची फुलं पडत होती.

"अक्का, लई भ्या वाटायलंय," ती म्हणाली.

मला वाटलं काहीतरी धीराचं बोलावं. मोठ्या बहिणीनं बोलायचं असतं. मी तिच्या केसातली फुलं काढत राहिले आणि बस आली.

निकाल मे महिन्यात पेपरात आला. बारीक आकड्यांच्या रांगाच रांगा. हे चष्मा लावून बोट फिरवत होते आणि मालन उंबऱ्यात बसून स्वतःच्या पायाकडे बघत होती. "आहे," हे म्हणाले. मग पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आहे, आहे. पास आहे." मालन उठली, मोरीत गेली आणि बराच वेळ तोंड धूत राहिली. पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे दुसरा आवाज ऐकू येऊ नये. शरदही पास झाला होता. त्याच्याकडचे पेढे दुपारच्या आत सगळ्या घरी पोचले.

सत्काराला मालनला बोलावणं नव्हतं. वेळेत पास झालेल्यांचा सत्कार, असा नियमच होता. याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. एका नारळासाठी तिथं कोण जातंय? आम्ही ट्रेनिंगच्या अर्जाच्या मागे होतो. आणि तिथंच अडलं. अर्जावर वयाची अट होती. जूनच्या पहिल्या तारखेला अठरा पुरी झालेली मुलगी चालत नव्हती. मालन दहा महिन्यांनी जास्त होती.

हे खुर्चीवर बसून राहिले. मग म्हणाले, "परचुरेसाहेबांना विचारतो."

परचुरेसाहेब त्याच संध्याकाळी घरी आले. वहिनीही बरोबर. त्यांना फार आनंद झालेला दिसत होता. दुसऱ्याच्या अडचणीत पुढे व्हायला मिळालं की काही माणसं अशी उजळतात.

"अहो, यात काय आहे!" ते म्हणाले. "एक प्रतिज्ञापत्र करायचं. शाळेच्या दप्तरात तारीख चुकून पडली, खरी एक जून, साल दोन पुढचं. माझ्या ओळखीचे वकील आहेत. जन्म ठाऊक असलेल्या दोन वडीलधाऱ्यांच्या सह्या लागतात. एक मी करतो. दुसरी हिच्या थोरल्या बहिणीची. लिहिता येतं ना वहिनींना?"

"येतं, येतं," हे म्हणाले.

निपाणी कुठल्या दिशेला हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस माझ्या बहिणीच्या जन्माचा साक्षीदार व्हायला निघाला होता. तिच्या वयाचा ज्यानं तीन वर्षं भर सभेत ठिपका मिरवला, तोच ते वय खोडायला बसला होता, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला त्या माणसाची किळस आली. आणि तरीही मी ट्रे खाली ठेवला आणि त्यांनी कागद पुढे सरकवल्यावर पेन उचललं. हे मी लपवणार नाही. मला मालन संकेश्वरला पाठवायची नव्हती. नागपंचमीचा दुसरा दिवस, ती ओली लाकडं, तो धूर, सगळं मी त्या क्षणी खोटं म्हणून लिहून द्यायला तयार होते. दुसऱ्यांना हसणारी मी त्यांच्यापेक्षा काही वेगळी नव्हते. फक्त उशिरा आले होते.

"अक्का, थांब," मालन म्हणाली.

ती दारात उभी होती. तिच्या हातात कणीक होती.

"ती दोन वर्षं मी काढल्यात," ती म्हणाली. "सहावीच्या बाकावर, गुडघं वर करून. साहेब आला की भिंतीला बसून. ती आता झालीच न्हाईत म्हणून लिहून देऊ व्हय?"

"अगं बेटा," परचुरेसाहेब हसले, "कागदावर कोण बघतंय?"

"तुम्हीच की काका. दरसाल छडी लावून बघता."

ह्यांनी "मालन!" एवढंच म्हटलं. परचुरेवहिनी बशीतल्या चहाकडे बघत होत्या. मला वाटतं, त्यांना शैलाचं लग्न आठवत असावं. मी पेन खाली ठेवलं. एवढंच केलं मी. त्याला कुणी धैर्य म्हणू नये.

परचुरेसाहेब उठताना ह्यांना म्हणाले, "हट्टी आहे. मातीच तशी." त्यांना दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं.

मग चार-पाच दिवस असेच गेले. ज्येष्ठ जवळ येत होता. पास होऊनही सोय लागली नव्हती आणि तात्यांच्या अटीप्रमाणे आता लग्नच उरलं होतं. रुक्माक्कांनी कुंपणावरून सगळं ऐकलेलं होतंच. एका सकाळी त्या आल्या आणि मालनला म्हणाल्या, "कन्नड लिहितेस ना नीट? आनेकलजवळ आमच्या भावजयीच्या गावाला शाळा आहे, बाई टिकत नाही तिथं. ट्रेनिंग नको, वय नको. कन्नड पाहिजे फक्त. आणि सकाळी बस चुकवायची नाही. जातेस?"

"जातो," मालन म्हणाली.

"सरी, बरं," रुक्माक्का म्हणाल्या. "मग झालं की."

ज्या कन्नडसाठी तिला दोन वर्षं खाली बसवलं, तेच उपयोगी पडलं, असं कुणी गोड करून सांगेल. मला ते गोड वाटत नाही. ट्रेनिंग नसलेल्या बाईला शाळेत कसं वागवतात ते मी नंतर पाहिलं आहे.

पण तात्यांना लिहायचं होतं. हे म्हणाले, मी लिहिणार नाही, मला तोंड दाखवता येणार नाही. तेव्हा दुपारी मी कार्ड घेऊन बसले. जन्मात मी तात्यांसमोर मान वर करून बोलले नव्हते. तीर्थरूप तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार, इथपर्यंत हात आपोआप चालला. पुढे थांबला. मग मी लिहिलं: मालन पास झाली आहे. तिला शाळेत काम मिळाले आहे. ती लग्नाला येणार नाही. संकेश्वरच्या लोकांस कळवावे. वाचून पाहिलं, तर फार उद्धट वाटलं. खाली जागा होती, तिथं क्षमा असावी असं घालता आलं असतं. मी ते घातलं नाही. स्वतः जाऊन कार्ड पेटीत टाकलं, आणि पेटीत पडल्याचा आवाज आल्यावर पळतच घरी आले. तात्यांनी पुढे दोन वर्षं आम्हाला पत्र लिहिलं नाही. आईला मात्र त्यांनी भेटीला पाठवलं. मालनच्या हाताला लागलेला खडू आईनं पदरानं पुसला.

सात वर्षं झाली याला. परचुरेसाहेबांना बढती मिळाली. शरद कुठंशी इंजिनिअर झाला आणि अजूनही दोन वर्षं लहान आहे. तक्ता दरवर्षी निघतो. हे आता टाळ्या वाजवायला जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात.

मागच्या जूनमध्ये मी मालनकडे दोन दिवस राहायला गेले होते. शाळेत नावं घालायचे दिवस. एकच खोली, बाहेर चिंच, चिंचेखाली आयाबायांची रांग. कुणी रागीच्या शेतातून तशीच आलेली, कुणी कारखान्यात पाळीला जाण्याआधी. मी कोपऱ्यात बसून बघत होते. त्या आधी तपासणीचा साहेब येऊन गेला होता आणि म्हणाला होता, की तुमच्या शाळेतली मुलं वयानं मोठी दिसतात बाई, शेजारच्या शाळांत सगळी वेळेत आहेत. तुमच्यामुळे तालुका मागे दिसतो. मालननं त्याला ताक दिलं आणि रजिस्टर मिटून ठेवलं.

रांगेतली एक बाई पुढे आली. कडेला न मावणारा मुलगा, तरी कडेवरच. नाव सांगितलं. जन्म कधीचा, म्हटल्यावर तिनं खांदे उडवले. "तुम्हीच घाला काहीतरी, अम्मा. सगळे घालतात तसं."

मालननं कन्नडमध्ये विचारलं, "झाला तेव्हा शेतात काय होतं?"

"रागी मळत होतो."

"तळ्याचा बांध फुटला, त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. पुढच्या सुगीला."

मालननं बोटं मोडून मोजलं; बांध फुटून या पावसाळ्यात नऊ वर्षं होणार होती. मीही मोजलं. मुलगा आठ वर्षांचा निघत होता, आणि त्याला पहिलीत घालायचं होतं. मी न राहवून पुढे वाकले आणि मराठीत म्हणाले, "अगं, सहा लिही की. पोराला पुढं उपयोगी पडेल."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या बाईला विचारलं, "सकाळी झाला की संध्याकाळी?"

त्या बाईनं मुलाला खाली ठेवलं. हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. आधी ती लाजली, पदर तोंडाला लावला. मग सांगायला लागली: उन्हं डोक्यावर होती, खळ्यावर सासू ओरडत होती, सुईण पलीकडच्या गावाहून यायची होती, ती येईपर्यंत हा बाहेर. हातवारे करून सांगत होती. मागच्या बायका हसायला लागल्या आणि आपापलंही सांगायला लागल्या. मालन टाक हातात धरून सगळं ऐकत होती.

"मालन, आवर," मी म्हणाले. "रांग पार चिंचेच्या पलीकडं गेली. उशीर व्हायलाय."

"होऊ दे की अक्का," ती म्हणाली, आणि त्या बाईकडे वळून म्हणाली, "मग? सुईण आल्यावर काय म्हणाली?"